समुद्रतळाचा वायू ते न्हाणीघरातला बंब

शेगडीवर निळी ज्योत दिसली की आपण सरसकट ‘गॅस’ म्हणतो. प्रत्यक्षात सिलिंडरमधला गॅस, भिंतीतल्या नळीतून येणारा गॅस आणि गोठ्यामागचा गोबरगॅस या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन दाबाखाली द्रवरूपात भरलेले असतात. ते तेलशुद्धीकरण कारखान्यांतून आणि काही प्रमाणात नैसर्गिक वायूतून वेगळे काढले जातात. नळीतून येतो तो नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यत्वे मिथेन. गोबरगॅसमध्येही मिथेनच असतो, पण जेमतेम ५५ ते ६० टक्के. उरलेला भाग बहुतेक कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे न जळणारा.

हा फरक लक्षात घेतला नाही तर ‘देशाचा स्वतःचा गॅस’ ही चर्चा भरकटते. सिलिंडरच्या गॅसपैकी निम्म्याहून बराच जास्त आणि नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा आपण बाहेरून आणतो. हे परावलंबन कमी करायचे तर तीन ठिकाणी काम करावे लागते: जमिनीखाली, जमिनीवर आणि जिथे उष्णता खर्च होते तिथे. चर्चा बहुतेक पहिल्याचीच होते. तिसऱ्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते, आणि तिथेच सगळ्यांत लवकर हाती लागणारा साठा आहे.

जमिनीखाली काय असते

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या जहाजाने खोदलेल्या विहिरीत १९७४ मध्ये तेल लागले आणि १९७६ मध्ये ‘बॉम्बे हाय’चे उत्पादन सुरू झाले. तिथला बराचसा वायू तेलासोबतचा आहे, तेलात विरघळलेला किंवा तेलाच्या डोक्यावर साचलेला. सोड्याची बाटली उघडल्यावर फेस यावा तसा तो तेल वर येताना सुटतो. त्यामुळे तेल काढले की वायू येणारच. तेल थांबवले तर वायूही थांबतो, आणि वायू आधी ओढून घेतला तर तेल वर ढकलणारा दाबच संपतो. सुरुवातीला किनाऱ्यापर्यंत वायूची नळी नव्हती, तेव्हा तो समुद्रातच जाळून टाकावा लागे. १९७८ मध्ये उरणपर्यंत नळी आली. मग त्याच वायूवर ट्रॉम्बे आणि थळचे खतकारखाने चालले, उरणला त्यातून सिलिंडरचा गॅस वेगळा होऊ लागला आणि इथेन-प्रोपेन नागोठण्याच्या प्लॅस्टिकच्या कारखान्याला मिळू लागले. रायगड जिल्ह्याचा औद्योगिक नकाशा या एका नळीभोवती उभा राहिला आहे.

शेजारचे ‘बसीन’ म्हणजे वसई क्षेत्र वेगळ्या जातीचे. तिथे स्वतंत्र वायूचा मोठा साठा होता, पण तो ‘आंबट’ निघाला, म्हणजे त्यात सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड होता. हा वायू विषारी असतो आणि पाण्याचा अंश मिळाला की पोलाद खातो. म्हणून तो गुजरातेत हाजिऱ्याला नेऊन ‘गोड’ करावा लागतो. उंच मनोऱ्यात वरून अमाइन या रसायनाचे द्रावण पडते, खालून वायू चढतो, सल्फाइड द्रावणात अडकतो आणि पुढे त्यापासून गंधक मिळवता येते. त्यानंतर ग्लायकॉल या द्रवाने वायूतले पाणी शोषून घ्यायचे. ते का? दाबाखाली मिथेन आणि पाणी मिळून बर्फासारखे खडे तयार होतात, आणि तेही शून्य अंशाच्या बऱ्याच वर. नळी चोंदायला एवढे पुरते. हाजिऱ्याहून पुढे मध्य प्रदेशातल्या विजयपूर आणि उत्तर प्रदेशातल्या जगदीशपूरकडे जाणारी लांबच लांब नळी टाकायला १९८४ मध्ये गेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली. उत्तर भारतातले कितीतरी खतकारखाने त्या नळीच्या कडेने उभे आहेत.

एवढे सांगायचे कारण असे की वायू सापडणे आणि वायू वापरता येणे या दोन घटनांमध्ये दहा-दहा वर्षे जातात. तेल टँकरमध्ये भरून कुठेही नेता येते. वायूला मात्र आधी नळी लागते, आणि नळी टाकायची तर टोकाला ठरलेले गिऱ्हाईक लागते.

कृष्णा-गोदावरीत काय चुकले

२००२ मध्ये काकिनाड्यासमोरच्या खोल समुद्रात मोठा साठा सापडल्याचे जाहीर झाले, आणि एप्रिल २००९ मध्ये ‘केजी-डी६’ या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या क्षेत्राचा वायू किनाऱ्याला लागला. आराखड्यात दिवसाला ८ कोटी घनमीटर धरले होते. २०१० मध्ये उत्पादन ६ कोटींच्या आसपास पोचले आणि तिथूनच घसरू लागले. पहिली दोन मुख्य क्षेत्रे फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाली. काढता येण्याजोग्या साठ्याचा अंदाज आधीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर आला होता.

यावरून पुष्कळ वाद आणि खटले झाले. त्यांत न शिरता जमिनीखालचा भाग समजून घेऊ. हा वायू प्राचीन नदीप्रवाहांनी समुद्रतळावर पसरवलेल्या वाळूच्या पट्ट्यांत होता. असे पट्टे एकमेकांना जोडलेले आहेत की मध्ये मातीचे पडदे आहेत, हे कृत्रिम भूकंपलहरींच्या चित्रावरून पक्के कळत नाही. विहीर सुरू झाली, दाब पडू लागला की खालचे पाणी वर सरकते आणि सैल वाळूही सुटते. वाळू झडपा झिजवते. पाणी विहिरीच्या नळीत उभे राहते, त्याचे वजन वायूला वर येऊ देत नाही आणि विहीर गुदमरते. खुल्या शेतातल्या विहिरीवर पंप बसवून पाणी काढता येते. हजार-दोन हजार मीटर खोल पाण्याखाली तीच दुरुस्ती करायला खास जहाज आणावे लागते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

त्याच पट्ट्यात डिसेंबर २०२० पासून नवी, आणखी खोल क्षेत्रे सुरू झाली आणि उत्पादन पुन्हा वर आले. समुद्रतळावर तापमान चार-पाच अंश असल्याने तिथे नळीतले बर्फाळ खडे टाळायला विहिरीच्या तोंडाशीच सतत ग्लायकॉल सोडावे लागते आणि किनाऱ्यावर ते गाळून परत पाठवावे लागते.

भावाचा प्रश्नही इथेच येतो. जुन्या सरकारी क्षेत्रांतल्या वायूचा भाव सूत्राने ठरतो. २०१४ च्या सूत्रात तो परदेशी बाजारांशी बांधला होता, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात तो १.७९ डॉलरवर होता. हा भाव ‘एमएमबीटीयू’ या उष्णतेच्या एककाचा असतो, म्हणजे ढोबळमानाने २५ घनमीटर वायूचा. एवढ्या भावात नवी विहीर सोडाच, जुनीची डागडुजीही परवडत नाही. एप्रिल २०२३ पासून सूत्र बदलले: भारत घेत असलेल्या कच्च्या तेलाच्या किमतीच्या १० टक्के, पण ४ डॉलरच्या खाली नाही आणि ६.५ च्या वर नाही. दोन वर्षांनंतर वरची मर्यादा दरवर्षी पाव डॉलरने वाढते. खोल समुद्रातल्या कठीण वायूला वेगळी, बरीच वरची मर्यादा आहे. ही रचना आधीपेक्षा शहाणपणाची आहे, कारण वायू काढणाऱ्याला तळ दिसतो आणि घरोघरी देणाऱ्याला कळस.

कोळशाच्या थरातला मिथेन हा तिसरा साठा, राणीगंज, झरिया आणि सोहागपूरकडचा. कोळशाच्या बारीक फटींच्या पृष्ठभागाला वायू चिकटलेला असतो आणि पाण्याच्या दाबाने धरून ठेवलेला असतो. त्यामुळे आधी महिनोन् महिने पाणी उपसायचे, मग वायू सुटतो. एकेक विहीर थोडाच वायू देते, म्हणून शेकडो विहिरी लागतात, तेवढी जमीन लागते, आणि उपसलेल्या खारट पाण्याची सोय लावावी लागते. कोळसा आहे म्हणजे वायू आहेच असेही नाही. थर उथळ आणि कोळसा कमी प्रतीचा असेल तर वायू थोडाच असतो.

उरलेली गरज भागते जहाजातून. मिथेन उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि त्याचे आकारमान सहाशेव्या हिश्श्यावर येते. दाभोळला असा धक्का आहे. वर्षाला ५० लाख टन उतरवण्याइतकी त्याची क्षमता, पण लाटा अडवणारा बांध अपुरा असल्याने कित्येक वर्षे तो पावसाळ्यात बंद ठेवावा लागे. उसळत्या समुद्रात इतक्या थंड द्रवाची नळी जहाजाला जोडून ठेवता येत नाही.

गोठ्यामागची विहीर

जमिनीवरच्या वायूचा इतिहास मुंबईतच सापडतो. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून वायू करून दिवे लावले जात. पुढे जशभाई पटेलांनी तरंगत्या लोखंडी टोपाचे संयंत्र घडवले, १९६० च्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने ते पसरवले, आणि १९८४ मध्ये विटांच्या घुमटाचे स्वस्त ‘दीनबंधू’ आले.

हिशोब सोपा आहे. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. पाच-सहा जणांच्या घराला २ घनमीटरचे संयंत्र पुरते. त्याला रोज ५० किलो शेण हवे, म्हणजे चार-पाच बांधलेली जनावरे. दिवसभर रानात चरणाऱ्या जनावराचे निम्मे शेण रानातच पडते, ते हिशोबात धरू नका. ५० किलो शेणात ५० लिटर पाणी मिसळले की रोज १०० लिटर काला. महाराष्ट्राच्या हवेत तो सुमारे ४० दिवस आत राहायला हवा, म्हणून काल्यासाठी ४ घनमीटर जागा. पहिल्यांदा टाकी भरायला दोन टन शेण लागते. ते आधी साठवा, आणि चालू संयंत्रातला काला दहाएक टक्के आणून विरजणासारखा घाला. त्याने दिवस वाचतात.

सुरुवातीचा वायू पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच फार असतो. एक-दोनदा टोप रिकामा करून टाका. पेटतो का ते पाहायचे तर स्वयंपाकघरातल्या शेगडीवरच पाहायचे, संयंत्राच्या तोंडाशी काडी कधीच ओढायची नाही. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की स्फोटक मिश्रण होते, आणि नव्या टोपात हवा असतेच.

गोबरगॅसचा दाब कमी आणि उष्णताही कमी. एका घनमीटरची बरोबरी सिलिंडरच्या ४३०-४५० ग्रॅम गॅसशी. म्हणून शेगडी त्याचीच हवी, तिच्या नोझलचे भोक मोठे असते. सिलिंडरची शेगडी जोडली की ज्योत मिणमिणते आणि लोक म्हणतात, गॅस होत नाही. नळीच्या गॅसचेही असेच आहे. सिलिंडरच्या गॅसमध्ये घनमीटरमागे नैसर्गिक वायूच्या अडीचपटीहून जास्त उष्णता असते, त्यामुळे नळीची जोडणी घेताना नोझल बदलावेच लागते. उलट केले, म्हणजे नळीच्या शेगडीला सिलिंडर लावला, तर मोठी पिवळी, काजळी धरणारी ज्योत येते आणि ती धोक्याची.

संयंत्रे बंद पडतात ती बहुतेक पाच-सहा कारणांनी. शेणात काडीकचरा राहिला तर वर जाड साय धरते आणि वायू त्याखाली अडकतो. माती-वाळू गेली तर तळाशी बसून टाकी लहान होते. गोठा फिनेलने धुऊन ते पाणी आत सोडले की जिवाणू मरतात. थंडीत तापमान उतरले की वायू घटतो. जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपास मानवते आणि १५ च्या खाली ते जवळजवळ झोपतात. निफाड-दिंडोरीकडे हिवाळ्यात वायू निम्म्यावर येऊ शकतो, तिथे काल्याला दुपारी उन्हात तापलेले पाणी घालावे आणि घुमटावर पाचटाचा थर द्यावा. खरकटे एकदम जास्त घातले तर काला आंबतो, ज्योत विझते आणि उग्र वास येतो. अशा वेळी काही दिवस भरणी थांबवायची, थोडी चुन्याची निवळी द्यायची, मग हळूहळू शेणावर परत यायचे. आणि नळीला उतार नसेल तर सखल भागात पाणी साठून ज्योत भकभकते. शंभराला एक एवढा उतार ठेवा आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवा.

एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत करायची नाही: रिकामी टाकी साफ करायला आत उतरायचे नाही. आतली हवा विषारी आणि प्राणवायूशिवाय असते. पहिला माणूस कोसळतो, दुसरा त्याला वाचवायला उतरतो आणि तोही जातो. टाकी बाहेरूनच, पंपाने रिकामी करायची.

कारखान्यातला प्रेसमड

हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर करून वायू शुद्ध केला की तो नैसर्गिक वायूच्या नळीत किंवा गाडीत चालतो. भारतीय मानकाप्रमाणे त्यात किमान ९० टक्के मिथेन हवा. ऑक्टोबर २०१८ च्या ‘सतत’ या सरकारी योजनेत असे ५,००० प्रकल्प धरले होते. ठरल्या मुदतीत शंभरही चालू झाले नाहीत. आता शहरांना वायू पुरवणाऱ्या कंपन्यांना २०२५-२६ पासून १ टक्का असा वायू मिसळणे बंधनकारक आहे, ते २०२८-२९ पर्यंत ५ टक्क्यांवर जाईल. गिऱ्हाईक पक्के झाले, ही मोठी गोष्ट. पण कच्च्या मालाचे गणित तसेच राहते.

महाराष्ट्रात ते उसाशी जोडलेले आहे. रोज २,५०० टन गाळणाऱ्या कारखान्यात ४ टक्क्यांच्या हिशोबाने १०० टन प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळताना उरणारा गाळ, निघतो. २५ टन प्रेसमडला १ टन वायू धरला तर रोज ४ टन, म्हणजे सुमारे दहा हजार घरांचा स्वयंपाक. मात्र हा आकडा गळीत हंगामापुरता. १२० दिवसांचा १२,००० टन प्रेसमड वर्षभर पुरवायचा म्हटले तर रोज ३३ टन, म्हणजे १.३ टन वायू. ४ टनांचे यंत्र घेतले तर ते आठ महिने उपाशी राहणार. लहान घेतले तर माल साठवावा लागणार, आणि उघड्यावर पडलेला प्रेसमड स्वतःच कुजून तापतो, वायू हवेत जातो, पावसाळ्यानंतर निम्मी ताकदही उरत नाही. ताडपत्रीखाली दाबून, हवा न लागू देता ठेवला तरच तो टिकतो. शिवाय आपले बहुतेक कारखाने साखर पांढरी करायला गंधकाचा धूर वापरतात. ते गंधक प्रेसमडमध्ये उतरते आणि टाकीत पुन्हा तोच हायड्रोजन सल्फाइड बनून येतो. वसईच्या समुद्रातली आंबट वायूची अडचण साखर कारखान्याच्या आवारात भेटते ती अशी. शुद्धीकरणाची क्षमता गोबरगॅसच्या मापाने ठेवलेले प्रकल्प इथे मार खातात. हंगामाबाहेर नेपियर गवत, भाजीबाजाराचा कचरा किंवा शेण यांचा करार आधी लिहून घेतल्याशिवाय यंत्राची क्षमता ठरवू नये.

जिथे ज्योतीची गरजच नाही

खतासाठी मिथेनमधला हायड्रोजन लागतो, काच वितळवायला हजार अंशांवरची स्वच्छ ज्योत लागते. तिथे वायूला सोपा पर्याय नाही. पण कापड कारखान्याच्या बॉयलरला १७०-१८० अंशांची वाफ पुरते. पऱ्हाटीच्या किंवा बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, दाबून केलेल्या कांडीत किलोमागे ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी असतात, म्हणजे एक घनमीटर वायूऐवजी सुमारे सव्वादोन किलो कांडी. ओलावा दहा टक्क्यांच्या आत हवा, आणि राखेत पोटॅश जास्त असेल तर ती वितळून जाळीवर खडे धरते. गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाडे जळतात तेव्हा हेच तत्त्व पिढ्यान् पिढ्या चालू असते.

आणि अंघोळीला तर ४२ अंशच पुरतात. तांब्याच्या बंबात पूर्वी गोवऱ्या आणि काटक्या जळायच्या, आता तिथे वायू जळतो. हिशोब पाहा. चौघांना मिळून १०० लिटर पाणी २० अंशांनी तापवायचे म्हणजे २,००० किलोकॅलरी. गॅस गीझरला त्यासाठी रोज ०.३ घनमीटर वायू लागतो. छतावरच्या १०० लिटरच्या सौर बंबाने वर्षातले ३०० दिवस हे काम केले तर ९० घनमीटरच्या आसपास वायू उरतो. नळीचा गॅस वापरणारे घर महिन्याला साधारण १२ ते १५ घनमीटर स्वयंपाकाला जाळते. म्हणजे एका घराच्या अंघोळीतून दुसऱ्या घराचा सहा-सात महिन्यांचा स्वयंपाक निघतो.

गॅस गीझर वापरणारच असाल तर तो न्हाणीघरात बसवू नका. एक घनमीटर वायू जळायला सुमारे १० घनमीटर हवा लागते. वीस मिनिटे गीझर चालला तर जवळपास साडेचार घनमीटर हवा संपते, आणि चार फूट बाय पाच फुटांच्या न्हाणीघरात एकूण हवाच तेवढी असते. मग ज्योत अर्धवट जळते आणि वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. यंत्र बाहेरच्या भिंतीला, फक्त पाण्याची नळी आत.

सौर बंबाचे तोंड दक्षिणेला, कल ३० अंशांच्या आसपास, म्हणजे हिवाळ्यातले तिरपे ऊन नीट लागते. गार पाण्याच्या टाकीचा तळ बंबाच्या टाकीच्या माथ्यापेक्षा उंच हवा, आणि हवा जायची उघडी नळी कधीही बुचाने बंद करायची नाही. बोअरचे पाणी जड असेल तर काचेच्या नळ्यांत क्षार साठतात, वर्षातून एकदा तरी त्या धुवाव्या लागतात. सर्वांत जास्त उष्णता मात्र वाटेत हरवते. पाऊण इंची वीस मीटर नळीत सहा लिटर पाणी मावते, रात्रभर ते गार होते, आणि चार मजली इमारतीत प्रत्येक घर सकाळी तेवढे पाणी सोडून देत बसते. नळीला जाड फोमचे वेष्टण घाला, आणि इमारत मोठी असेल तर गरम पाण्याची नळी टाकीकडे परत फिरवून फेरा पूर्ण करा. म्हणजे तळमजल्यावरही नळ सोडताच गरम पाणी येते.